बेल्टबाईंच्या छतावरचं ऊन

वीज कंपनीचे खांबावर चढणारे लोक तिला बेल्टबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. गल्लीत मात्र ती टेलरकाकू, कारण गेली तीस वर्षं ती शाळेचे गणवेश शिवते आहे. कॉलर आणि खिसा यांत तिचा हात धरणारं त्या भागात कोणी नाही. स्वभाव म्हणाल तर एकदा टाका घातला की घातला, उसवायचं नाव काढायचं नाही. तिला हे दुसरं नाव पडलं ते छतावरच्या सहा सोलर पॅनलांमुळे. पॅनलांचा आणि बेल्टचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. तिलाही तो ठाऊक नव्हता, आणि कळला तेव्हा अंगावर काटा आला.

तिचा नवरा वायरमन. चौतीस वर्षं खांबावर काढली. निवृत्त झाल्यावर जरा निवांत बसावं, तर फुप्फुसांनी संप पुकारला. सिगारेटी तरुणपणीच्या, हिशेब म्हातारपणी. डॉक्टरांनी घरी एक मशीन लावायला सांगितलं. पलंगाशेजारी टेबलाएवढा एक डबा, दिवसरात्र घरघर करणारा, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीवाटे नाकात सोडणारा. मशीन बंद पडलं की दहा मिनिटांत वायरमनच्या ओठांचा रंग बदलायचा. आणि मशीन चालायचं विजेवर. ज्या माणसानं अख्ख्या भागाला जन्मभर वीज दिली, त्याच्याच घरी दर आठवड्याला दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जायची. लाइट गेली की तिचा जीव टांगणीला. तिनं कॉलर अर्धवट सोडून सिलिंडरवाल्याला फोन लावायचा, तो नदीपलीकडून निघायचा, आणि तो येईपर्यंत हिनं नवऱ्याच्या छातीकडे बघत बसायचं.

अशातच दारात एक सेल्समन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत फाइल. तिनं आधी शर्टाची कॉलर पाहिली, शिवण बरी होती, म्हणून आत घेतलं. तो म्हणाला, "काकू, ऊन फुकट आहे. छत तुमचं आहे. मग वीज दुसऱ्याची कशाला?" हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. बँकेनं कर्ज दिलं, हप्ता ठरला, सवलतीचे कागद भरले. तिनं मनाशी ठरवलं, रोज दोन गणवेश जास्त शिवायचे. सही करताना तिनं एकच गोष्ट केली नाही. घरात चौतीस वर्षांचा अनुभवी वायरमन असताना त्याला विचारलं नाही.

विसरली म्हणून नव्हे. मुद्दाम. लग्न झाल्यापासून घरात विजेचा शब्द म्हणजे त्याचा शब्द. साधा बल्ब बदलायचा तरी तो म्हणायचा, "तू हात लावू नकोस." आता तो माणूस अंथरुणाला खिळला होता, आणि एकदा तरी उजेड आपण आणावा असं तिच्या मनानं घेतलं होतं. तो आठ दिवस दवाखान्यात होता, तेवढ्यात तिनं काम उरकून घेतलं. छतावर पॅनल, जिन्याच्या भिंतीवर पांढरा डबा, डब्यावर हिरवा दिवा.

तो घरी आला तेव्हा तिनं त्याला जिन्यापाशी खुर्ची टाकून दिली आणि म्हणाली, "बघा."

त्यानं चष्मा लावला. डबा पाहिला. डब्यावरचं लेबल वाचलं. वायरी कुठून कुठे गेल्यात ते नजरेनं धरून वरपर्यंत गेला, परत खाली आला. मग तिच्याकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत उभी होती, चेहरा नुसता फुलला होता.

"वायरिंग सरळ आहे," तो म्हणाला. "छान केलंस."

त्याच्या तोंडून विजेच्या बाबतीत कोणाचं कौतुक तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं गल्लीभर चहा पाजला.

पुढे तीन आठवडे दिवसा एकदाही लाइट गेली नाही. दुरुस्तीवाले दुसऱ्या भागात होते, एवढंच त्यामागचं कारण. पण श्रेय तिनं पॅनलांना दिलं. शेजारणीला, कापडवाल्याला, शाळेच्या शिपायाला, भेटेल त्याला सांगत सुटली, "आमच्याकडे आता लाइट जायचा प्रश्नच नाही." तिचा धाकटा भाऊ कोपऱ्यावर पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "ताई, तू आता वीज कंपनीची मालकीणच झालीस." हे तिनं टोमणा म्हणून न घेता पदवी म्हणून घेतलं.

मग एका सकाळी, बरोबर अकरा वाजता, मशीननं लांबलचक शिटी मारली आणि घरघर थांबली. तिची शिलाई मशीनही सुई कापडात अडकवून गप्प झाली.

तिला आधी काही उमगेना. बाहेर ऊन तर नुसतं भाजत होतं. ती जिन्यात धावली. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला होता. छतावर गेली, तर पॅनल तव्यासारखे तापलेले. तिथूनच तिनं सेल्समनला फोन लावला.

"काकू, लाइट गेली की सिस्टिम आपोआप बंद होते," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "सेफ्टी असते ती. बॅटरीवाली तुम्ही घेतली नाहीत ना. कागदात लिहिलंय."

"मग या उन्हाचं मी करू काय?"

"बिल कमी येतंय ना, काकू."

तिच्या तोंडाला जे आलं ते तिनं त्याला ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ती जिना उतरायला लागली. माणूस जगावा म्हणून कर्ज काढलं आणि आणलं काय, तर बिल कमी करायचं यंत्र. स्वतःचीच तिला एवढी चीड आली की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

खोलीत आली आणि उंबऱ्यातच थबकली. नवरा पलंगावर बसला होता, एक हात गुडघ्यावर टेकून, आणि नाकातली नळी एका छोट्या सिलिंडरला जोडलेली होती. सिलिंडर त्यानं पलंगामागच्या ट्रंकेआडून ओढून काढला होता. तेवढ्यानंच त्याला धाप लागली होती.

"हा कुठून आला?"

"भरून आणून ठेवला होता. जुन्या दोस्ताकडून. तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

"कधी?"

"दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तिला सगळं एका क्षणात कळलं. तो चष्मा, ते लेबल, ती वायरींवरून फिरलेली नजर. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तुम्ही बोलला नाहीत."

"बोलणार होतो." त्यानं श्वास घेतला. "पण तू किती दिवसांनी अशी हसताना दिसलीस. म्हटलं, राहू दे थोडे दिवस."

ती मटकन पलंगावर बसली. रडावं की या माणसाला बोल लावावा हे तिला ठरवता येईना. मग तिनं दोन्ही केलं.

लाइट गेल्यामुळे भावाचं दुकानही बंद पडलं होतं. तो धावतच आला. सिलिंडरचा काटा पाहून म्हणाला, "हा दीड तास पुरेल फार तर. ताई, माझ्याकडे छोटा इन्व्हर्टर आहे. तो या डब्याला जोडतो. डब्याला वाटेल लाइट आली, पॅनल चालू होतील. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग बघतोस काय, आण," ती म्हणाली.

"नाही," वायरमन म्हणाला.

"भाऊजी, मेन स्विच बंद करूनच जोडतो. बाहेर काही जाणार नाही."

वायरमननं हात वर केला. एवढं बोलायला त्याला मध्ये तीनदा थांबावं लागलं, पण त्यानं ते पुरं केलं. त्याचा एक जोडीदार होता. अकरा वर्षं दोघं एका शिडीवर. एकदा लाइन बंद करून तो खांबावर चढला, तार मेलेली आहे हे तपासून. खाली एका दुकानदारानं जनरेटर लावला. दुकानदार वाईट नव्हता. रोज स्विच बंद करून मगच जनरेटर लावायचा. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं आणि तो विसरला. जनरेटरची वीज उलटी तारेत गेली आणि मेलेली तार जिवंत झाली. जोडीदाराला खाली उतरवून घेणारे हात वायरमनचेच होते.

"तो डबा बंद पडतो ना," त्यानं जिन्याकडे बोट केलं, "तो वर चढलेल्या माणसासाठी बंद पडतो. या घरातून तारेवर कधी काही जायला नको. एकदाही नको."

 भाऊ स्कूटर काढून नदीपलीकडे सिलिंडर आणायला गेला. जाऊन यायला दीड तास, तोही दुकान उघडं असलं तर. वायरमननं सिलिंडरची चावी थोडी आवळली, म्हणजे जास्त वेळ पुरेल. ओठांचा रंग उतरलेला तिला दिसला, पण तो म्हणाला, "चालतंय मला."

शेजारणीला त्याच्यापाशी बसवून ती गल्लीच्या टोकाला धावली. तिथे खांबावर काम चाललं होतं. एक माणूस खाली, एक टकला माणूस वर. तिच्या मनात एकच शब्द होता, लवकर. कोणाच्या पाया पडावं लागलं तरी पडायचं, भांडावं लागलं तर भांडायचं, पण लाइट घेऊनच परत जायचं.

"किती वेळ लागेल?" ती खालून ओरडली. "घरी माणूस मशीनवर आहे."

वरच्यानं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात तारेत होते. "घाईनं तात्पुरतं जोडलं तर वीस मिनिटांत देतो, बाई. नीट करायचं तर तास-सव्वा तास."

तिनं तोंड उघडलं. आणि तेव्हा तिला दिसलं की त्याचा सेफ्टी बेल्ट खालच्या आडव्या पट्टीला नुसता लटकतो आहे. घाईत त्यानं तो कमरेला लावलाच नव्हता. चौतीस वर्षं संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की जीव भांड्यात पडणारी बाई ती. तिला वर तो टकला माणूस दिसेना, दुसराच कोणी दिसायला लागला.

"आधी बेल्ट लावा," ती म्हणाली.

"अहो बाई, तुम्हीच म्हणता..."

"बेल्ट लावा. आणि नीट करा. तोपर्यंत मी बघते आमचं."

त्यानं बेल्ट लावून कडी अडकवेपर्यंत ती खांबाखालून हलली नाही.

घरी परतली तेव्हा नवऱ्यानं डोळे उघडले. "काय म्हणाला?"

"सव्वा तास."

"वर कितीजण?"

"एक."

"बेल्ट?"

"नव्हता. लावायला लावला."

त्यानं तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. भाऊ एक वाजून दहा मिनिटांनी सिलिंडर घेऊन आला. तोवर पहिल्याचा काटा शून्याला टेकला होता आणि ती नवऱ्याचे श्वास मोजत होती. लाइट दीड वाजता आली.

पुढे तिनं सेल्समनला सोडलं नाही. बॅटरी बसवली, एकाच सॉकेटची वेगळी लाइन ओढून घेतली, बाहेरच्या तारेशी तिचा संबंध येणारच नाही अशी. वायरमननं खुर्चीत बसून प्रत्येक जोड तपासला आणि दोन जोड परत करायला लावले. तिचे हप्ते वाढले, गणवेश दिवसाला दोनाऐवजी चार झाले. तो आणखी दोन वर्षं जगला. गेला तेव्हा मशीन चालू होतं.

आता त्या सॉकेटवर तिची शिलाई मशीन चालते. लाइट गेली तरी सुई थांबत नाही. पण ती थांबवते. पाय उचलते, चपला घालते आणि गल्लीच्या टोकाला जाते. तिला येताना पाहिलं की वरचा माणूस, कोणीही असो, ती बोलायच्या आधीच एका हातानं कमरेचा बेल्ट ओढून दाखवतो.

"दिसला," ती म्हणते, आणि परत कॉलरीकडे जाते.