आर्मेनियनांचे कैवारी

रहांगडाले सर दरवर्षी एकाच तासाला रडत. एकोणिसाव्या शतकात तुर्की सुलतानाच्या राज्यातून परागंदा झालेले आर्मेनियन शिकवायचे असले, की ते खडू ठेवत, खिडकीशी पाठमोरे उभे राहत आणि चष्मा पुसत. अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो. शेजारच्या वर्गातलं ते रडणं मी सोळा वर्षं ऐकलं. पहिली दोन वर्षं मलाही भरून येई, हे कबूल करतो.

त्यांचा प्रबंधच या निर्वासितांवर होता. स्टाफरूममध्ये ते त्यांच्याबद्दल असं बोलत, जणू सगळे त्यांच्या सासुरवाडीचे. "घर सुटलेल्या माणसाले नावगाव इचारू नये, आधी बसाले जागा द्यावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. व्यासपीठावर तेच शुद्ध मराठीत येई आणि टाळ्या घेई.

आमच्या तालुक्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथली पेमा सरांची विद्यार्थिनी. तिची आजी लहानपणी बर्फातून चालत सीमा ओलांडून आलेली. प्रबंधाचं पुस्तक करताना सरांना तुलनेसाठी असं कुणीतरी हवं होतं. तीन रविवार ते वसाहतीत गेले, म्हातारीचा चहा प्यायले, मोबाईलवर तिचं बोलणं घेतलं. पेमा हिंदी करून सांगत होती. धाकट्या भावाला वाटेतच सोडावं लागलं, इथे आजी थांबली, तेव्हा सर म्हणाले, "रुकिए मत, रिकॉर्डिंग चालू है." हे मला त्यांनीच सांगितलं, आपल्या चिकाटीचा दाखला म्हणून.

परीक्षा जवळ आली. पेपर सकाळी आठचा आणि वसाहतीकडून पहिली बस त्यानंतरची. सरांच्या घरी वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. पेमा विचारायला आली, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच बसलो होतो.

"सर, फक्त पंधरा दिवस. जेवण मी बाहेर करीन."

"आमच्या घरी देवघर आहे, बाई. तुमचं खानंपिनं येगळं. उद्या लोक मले इचारतीन, काऊन ठेवलं म्हणून."

ती "ठीक है, सर" म्हणाली आणि चपला घालून गेली. मी चहा संपवला. त्या घरी मला आणखी पोहे हवे आहेत का, हेही विचारलं गेलं आणि मी हो म्हणालो.

दुसऱ्याच पेपरला तिला आणणारी मोटारसायकल वाटेत बंद पडली. ती पोचली तेव्हा दार बंद झालं होतं. तो पेपर राहिला.

निकालानंतर ती स्टाफरूममध्ये आली. "सर, आजीचं रेकॉर्डिंग काढून टाका. पुस्तकात घेऊ नका."

"अगं, मी तुमच्या लोकायचं नाव करून राहिलो."

"नाव नाही मागितलं, सर. खोली मागितली होती."

सरांनी तिच्यासमोर मोबाईलवरून ते पुसलं. ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "कितीही करा, हे लोक आपले होत नाहीत. बरं झालं, मी आधीच कागदावर उतरवून घेतलं."

पुस्तक निघालं. त्यात आजी आहे, भाऊही आहे. नावं तेवढी नाहीत. सरांच्या निवृत्तीच्या समारंभात मला बोलायला उभं केलं. रहांगडाले सर तासाला वेळेवर येत, एवढं सांगून मी खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, मला गहिवरून आलं.