नाक दिसते, डोळे दिसतात

महिन्याभरापूर्वी सौंसरहून आडतीवर फोन आला, भाऊजी गेले. संत्र्यांच्या पेट्या तशाच टाकून मी पांढुर्ण्याहून निघालो. अंत्ययात्रेत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "माणूस सोन्यासारखा, पण भारी घमंडी." अशा वेळी हसू नये, पण मला हसू आलं...

घमंडी कसले! भाऊजींना चेहरेच ओळखू येत नसत. पोस्टात बसल्या बसल्या पाकिटावरचं अक्षर पाहून ते कोणत्या गुरुजींचं, हे सांगायचे, आणि तेच गुरुजी समोर आले की विचारायचे, "बोला, काय काम होतं?" मी सख्खा साळा, पण खोकल्याशिवाय मलाही चहा मिळत नसे. माणूस बोलला, चालला, शिंकला की ओळख पटायची. गप्प उभा राहिला की संपलं.

भाऊजी-ताईचं लग्न नवं होतं, ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार. ते ताईला घेऊन जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले. ताई आहेरातली हिरवी साडी नेसली होती. आमच्याकडे आहेराच्या साड्या एकाच गठ्ठ्यातून घेतात, त्यामुळे त्या लग्नसराईत अर्ध्या तालुक्याच्या अंगावर तीच साडी. गर्दीत एका हिरव्या पदराला "चाल लवकर, बस सुटून राहिली" म्हणून भाऊजी तरातरा पुढे निघाले. बसपाशी मागून एक बाई धापा टाकत म्हणाल्या, "कोण होय रे बाप्पा तू? मले रामाकोन्याले जायचं हाय!" त्यांना वाटलं होतं, पोरानंच कुणाला तरी घ्यायला पाठवलं.

ताई देवळाच्या पायरीवर रडत बसलेली. घरी येऊन तिनं अबोला धरला. आता अबोला धरलेली बायको भाऊजींना सापडावी कशी? चुलीपाशी हात जोडून "चुकलं माझं, आता तरी बोल" असं ज्यांना विनवलं, त्या त्यांच्या मोठ्या वहिनी निघाल्या. घरभर हशा. ताई मात्र हसली नाही. मी मुराळी म्हणून तिला माहेरी न्यायला गेलो होतो. परत नांदायला येणार नाही, असं तिनं पेटी भरतानाच मला सांगितलं होतं.

शेवटी न राहवून तिनं विचारलं, "माह्या तोंडाकडं कधी पाह्यलंच नाही का जी तुम्ही?"

भाऊजींना हायसं वाटलं. आवाज सापडला होता. "रोज पाहतो ना. नाक दिसते, डोळे दिसतात, कुंकू दिसते... पण जुळून तू होत नाही. तू बोलली का मंग होते."

ताईनं भरलेली पेटी पुन्हा रिकामी केली. मुराळी एकटाच परतला.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांनी नुसते तुकडे दिसतात, त्यांचा माणूस मेंदूत जुळतो. यांच्या मेंदूत अक्षरं जुळतात, वस्तू जुळतात, चेहरे तेवढे जुळत नाहीत. "म्हणजे मी घमंडी नाही ना?" भाऊजी खूश झाले, आणि निघताना आभार कंपाउंडरचे मानून आले.

परवा ताईकडे गेलो होतो. भाऊजींच्या रिकाम्या खोलीत दिवा लावायला जाताना ती उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "मी होय जी."

मी तिच्या मागून आत डोकावलो.

"अनोळखी बाई शिरली म्हणून घाबरायचे ना रे," ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो, आणि मग ती उंबऱ्यावरच बसून खूप रडली.