एफ आणि शेजारचा इरशाद

आमच्या ह्यांचं नाव परशुराम. देवबागात कोणालाही विचारा, बोट घेऊन पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारा परशुराम आणि भजनात पेटी वाजवणारा परशुराम हा एकच माणूस. तिसरा परशुराम गिटार वाजवतो, तो मात्र फक्त मला ठाऊक आहे, कारण त्याच्यापायी माझे कान गेले.

गिटार घरात आली ती कोल्हापूरच्या एका पाहुण्यामुळे. आमच्याकडे दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यातल्या एकात तो चार दिवस राहिला. इथल्या खाऱ्या हवेनं तारा गंजल्या, एक तर तुटलीच. तो म्हणाला, आता हिला काही अर्थ नाही, ठेवा तुम्हाला. ह्यांनी तुटलेल्या तारेच्या जागी मासे पकडायचा तंगूस बांधला आणि वाजवायला बसले. तंगूस सुरात राहीना तेव्हा मालवणात जाऊन नवीन तारा आणल्या. पेटीवर बसलेला हात, त्यामुळे सूर लगेच कळले. पण बोटं ऐकेनात. सी, ए मायनर आणि जी, एवढ्या तीन कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या तीन जुळण्यांवर, ह्यांनी दोन वर्षं सगळी गाणी मारली. कोळीगीत असो, आरती असो, चाल कुठली का असेना, शेवटी सगळं एकसारखंच ऐकू यायचं.

खळ्याच्या, म्हणजे आमच्या अंगणाच्या, पलीकडे इरशादचं घर. तो बोटींची मशीनं दुरुस्त करतो, त्याची बायको सुमय्या माझी चांगली मैत्रीण. इरशादला हा नाद आमच्या ह्यांनीच लावला. ते तीन कॉर्ड त्याला इथे, आमच्या पायरीवर बसवून शिकवले. मी चहा दिला होता. वर्षाच्या आत तो गडी एकेक तार वेगळी छेडून असं काही वाजवायला लागला की आमच्या खोलीतले पाहुणे जेवण आटपून त्याच्या खळ्यात जाऊन बसायचे. ह्यांचा जीव तेव्हापासून जळायला लागला.

“तेच्या बोटांक तेल लागलेला आसता मशीनचा. म्हणान सरकतत,” हे म्हणायचे.

मी हसायचे. पण खरं सांगते, मलाही हेवा वाटायचा, आणि तो गिटारीचा नव्हता. आमची लेक पूजा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायची. सुमय्या भाजलेले काजू घालायची तिच्या ओंजळीत, इरशाद वाजवायचा, पूजा गायची. आमच्याकडे ती कधी गात नसे. भांडी घासताना मला पलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं आणि माझ्या हातातलं भांडं जरा जास्तच आपटायचं.

पूजाचं लग्न आचऱ्याच्या स्वरूपशी ठरलं. एके दिवशी जेवताना ती सहज बोलून गेली, “बाबा, हळदीच्या सांजेक मी गाणा म्हणतलंय. वाजवूक इरशादकाकांका सांगलंय.”

ह्यांचा घास हातातच राहिला.

“तेका कित्याक? मी मेलंय?”

“तसा नाय वो बाबा. तेंच्यावांगडा म्हणूची सवय आसा माका.”

हे जेवणावरून उठले. सुरमईचं तिखलं ताटात टाकून उठलेला हा माणूस मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता. बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, “माझ्या चेडवाच्या हळदीक तो वाजवतलो आणि मी काय, पंगतीत मीठ वाढू?”

दुसऱ्या दिवसापासून शिक्षण सुरू झालं. मोबाईलवर कुणी पुण्याचा पोरगा शिकवायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला की हे धडे इंटरमिजिएट लोकांसाठी, म्हणजे मध्यम तयारीच्या. ह्यांना राग आला. “माका मध्यम म्हणता! बावीस वर्सां पेटी वाजवतंय.” पण ऐकायचं सोडलं नाही. सराव म्हणून नुसती बोटं फिरवणं ह्यांना जमेना. भजनं जशी गातगातच शिकले, तसंच इथेही गाणीच घेतली. कॉर्ड पटापट बदलायला एक उडतं कोळीगीत. बोटांनी एकेक तार छेडायला एक अंगाई. मध्येच हात थांबवून ठोका धरायला लग्नातलं एक नाचाचं गाणं. नुसत्या सरावाला बसलेला हात घटकेत कंटाळायचा, गाणं असलं की तोच हात दुपारभर थकायचा नाही.

आणि मग आला एफ नावाचा कॉर्ड. त्यात म्हणे पहिल्या बोटानं सगळ्याच्या सगळ्या तारा एकदम आडव्या दाबायच्या. बोट दाबून दाबून चेपलं. आधी सूर येईचना, नुसतं थप्प थप्प. बोटीचा दोर ओढून घट्टे पडलेला हात, पण ह्या सहा तारांनी रडवला. हे एफ लावायचे आणि पलीकडे इरशादच्या घराकडे डोळे वटारून बघायचे, जणू बोटाखाली तोच दाबलाय. मे महिना लागता लागता एफ वाजला. अगदी स्वच्छ. ह्यांनी मला हाक मारून दोनदा ऐकवला.

हळदीची संध्याकाळ आली. खळ्यात मंडप, भजनमंडळीतली सगळी मंडळी बसलेली. इरशाद गिटार घेऊन आला तेव्हा हे आधीच खुर्चीवर बसलेले, मांडीवर आपली गिटार. पूजानं एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिला काय करावं सुचेना. इरशाद समजूतदार, तो बाजूला बसला.

ह्यांनी सुरुवात केली. काय वाजवलं म्हणून सांगू! बोटांनी छेडलेल्या तारा, मध्ये हात थांबवून धरलेला ठोका, आणि एफ आला तो असा दणक्यात की मीच टाळी वाजवली. पूजानं तोंड उघडलं. पहिली ओळ इतकी खाली गेली की ऐकूच येईना. दुसरी तिनं वर घेतली तर आवाज चिरकला. ती थांबली. पिवळ्या हळदीतही तिचा चेहरा लाल झालेला दिसला.

“सूर धर गो,” हे म्हणाले. भजनात हेच म्हणतात. बुवा पट्टी धरतो, बाकीच्यांनी तिथवर पोचायचं. ज्याला पोचता येत नाही त्यानं टाळ वाजवायचा. पूजाच्या हातात सहाव्या वर्षी टाळ आला होता, तो कधी सुटलाच नाही, आजही तिच्या समोर ठेवलेला होता.

“बाबा, ही तुमची पट्टी,” ती हळूच म्हणाली. “तुमी कधी माझ्या पट्टीत वाजवलातच नाय.”

 ह्यांनी तारांवरचा हात उचलला. मग विचारलं, “तुझी पट्टी खंयची?”

उत्तर बाजूनं आलं. “काळी चार,” इरशाद म्हणाला, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी.

ह्यांचं तोंड असं झालं की मला बघवेना. भजनातल्या प्रत्येक म्हाताऱ्याची पट्टी ह्यांना तोंडपाठ. घरात वाढलेल्या लेकीची मात्र शेजाऱ्यानं सांगावी लागली.

“माझ्या चेडवाची पट्टी तुका म्हायत!”

“माका एफ येणा नाय रे परशुदा,” इरशाद म्हणाला आणि आपल्या गिटारीच्या मानेला लावलेला चिमटा दाखवला. “हो लावन तिच्या आवाजाक जुळवतंय. तुका चिमटो नको. तुझो एफ वर सरकव.”

ह्यांनी तो एफचा आकार तसाच उचलला आणि गिटारीच्या चौथ्या घरावर नेऊन दाबला. एकदा छेडलं, पूजाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. गायला सुरुवात करण्याआधी ह्यांनी तिच्यासमोरचा टाळ उचलला आणि इरशादच्या हातात दिला. “तू हो वाजव,” म्हणाले. जळणं काही एका संध्याकाळी जात नाही.

मग पूजा गायली. माहेरच्या वाटेचं जुनं गाणं, सगळ्यांना पाठ असलेलं. माझ्या लेकीचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो खळ्यापलीकडे सुमय्यानं ऐकला होता. ती माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होती आणि मला तिचा राग करावा की तिला मिठी मारावी ते कळेना. हे मान खाली घालून वाजवत होते. गाणं संपलं तरी थांबले नाहीत, म्हणाले, “अजून एक म्हण.” ते झाल्यावर पुन्हा म्हणाले, “अजून एक.”

सकाळी आचऱ्याची माणसं लग्नासाठी तिला, आणि तिच्यासोबत तो आवाज, न्यायला येणार होती. मला स्वरूपच्या आईचा हेवा वाटत होता.