रुईवरच्या अळ्या

होटगी स्टेशनात सिदू रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. त्याची बायको शिवबाई. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण पाळणा हलला नव्हता. रेल्वेच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीमागं रुईचं झुडूप होतं. त्यावरच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या शिवबाई जपायची. गांधीलमाश्यांनी उचलून नेऊ नयेत म्हणून झुडपावर जुनं लुगडं पांघरायची. अळीनं कोश केला की ती डहाळी तोडून घरात बांबूच्या डालग्याखाली ठेवायची.

शेजारच्या सोनाबाईच्या लेकराला पुरळ उठलं. सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "पोटी पोर न्हाय म्हनून किडं पाळती, आन भोगतंय माजं लेकरू!"

शिवबाई पाण्याहून परतली तर मागं धूर. सिदूनं रुईवर घासलेट ओतून काडी लावली होती. जमलेल्या लोकांना सांगत होता, "झालं की! मिटलं आता."

शिवबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं घागर त्याच्या पायाशी आदळली. आजवर नवऱ्याला 'अवो' म्हणणारी ती अरेतुरेवर आली.

"ती मला वांज म्हनली तवा तुज्या तोंडाला कुलूप! आन मर्दुमकी दावलीस ती अळ्यांवर?"

कोशांच्या डहाळ्यांसकट डालगं उचलून ती थेट गावात आईकडं, केराबाईकडं गेली. दोन-चार दिवसांनी सिदू न्यायला आला.

"चल की घरी. लोक हसत्यात."

"हसू देत. बस हितं." तिनं डालगं उघडलं. एक कोश काळपट पडला होता, आतले तांबूस पंख दिसत होते. "पाखरू भाईर येईस्तवर हलायचं न्हाय."

सिदूनं विडी काढली. तिनं ती हिसकून फेकली. मग कोश आपसूक उकलला. चुरगळलेलं, ओलं फुलपाखरू लोंबकळत राहिलं. सिदूचा हात पुढं झाला.

"हात लावशील तर बग!"

पंख ताठ झाले, फुलपाखरू उडालं. सिदू खाली मान घालून म्हणाला, "असली किती जाळली म्या?"

"मला काय इचारतूस? त्या सोनाबाईला जाऊन सांग."

त्यानं सांगितलं. चाळीत उभं राहून, सगळ्यांदेखत. जाळलं ही आपली चूक, आणि बायकोला पुन्हा कुणी वांझ म्हटलं तर गाठ आपल्याशी.

तेव्हा शिवबाई परतली. पण राग निवला नव्हता. ओढ्याकाठची रुई मुळासकट आणून तिनं पुढच्या दारी लावली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर. आणि कुणी बोलतंय का, हे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.