मिस्त्रींचा गूळ

आठवीत शाळा सोडून लातूरकडून रत्नागिरीला आलो, तेव्हा मिस्त्रींनी मला कामावर ठेवलं, ग्रॅनाइट कापायला शिकवलं. पाणी मारलं की चिखल होतो म्हणून कटर कोरडाच चालायचा. सुट्टी झाली की ते माझ्या हातावर गूळ ठेवायचे. “खा मेल्या, धूळ पोटात उतरते.” मला ते खरंच वाटायचं.

आता मिस्त्रींना अंगणात जातानाही धाप लागते. फुप्फुसात बसलेली धूळ निघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी भेटायला गेलो, तर सवयीने त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. तेवढ्यात मला खोकला आला, तो थांबेचना. त्यांचा चेहरा उतरला.

“कधीपासून रे?”

ज्यांनी मला पोटापाण्याला लावलं, त्यांना ‘गणपतीपासून’ म्हणून सांगवेना. “आत्ताच,” म्हणालो आणि गूळ तोंडात टाकला.