मुलगी दमली म्हणून

पन्नाशीला टेकल्यावर मी स्पोर्ट्स बाइक घेतली. बँकेतल्या सहकाऱ्यांनी चेष्टा केली, बायकोने अबोला धरला. इकडे उत्तरेत वाढलेली, घरातही हिंदी बोलणारी मुलगी मात्र कॅन्टोन्मेंटच्या शांत रस्त्यावर तिच्या साध्या बाइकवरून माझ्या शेजारी आली आणि "मस्त, बाबा!" म्हणाली. तेवढ्यावर मी तिचा गुरू झालो. लांबच्या प्रवासात अंग आखडू नये म्हणून काय करायचं, ते तिच्याकडून घोकून घेतलं. टाकी मांड्यांनी घट्ट धरायची, पाठ पोटाच्या जोरावर सावरायची, हातांवर भार द्यायचा नाही.

तिला कॉलेजच्या ग्रुपबरोबर बाइकने नैनितालला जायचं होतं. बायको म्हणाली, "आधी बाबांबरोबर प्रयागराजला जाऊन ये. झेपलं तर बघू."

रायबरेलीच्या अलीकडेच माझे तळहात बधिर झाले. माझी बाइक माणसाला पार ओणवं करते, आणि पोटाचा जोर म्हणाल तर माझं पोट नुसतं टाकीवर विसावलेलं. सगळा भार मनगटांवर. मी गाडी बाजूला घेतली. चहावाल्याने गाडीचा नंबर बघून विचारलं, "इतनी जल्दी रुक गए, साहब?"

"बिटिया थक गई," मी चटकन म्हणालो.

ती हेल्मेट काढत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन चहा सांगितले.

मग ते तोंडात बसलंच. पुढच्या ढाब्यावर तेच, येताना पेट्रोल पंपावर तेच. बायकोचा फोन आला तेव्हाही म्हणालो, "थांबलोय जरा, दमलीय ती." बोलताना दुसऱ्या हाताची बोटं झटकत होतो. खोटं बोलायची लाज वाटत होती, पण म्हातारा ठरायची त्याहून जास्त वाटत होती.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको फाटकातच उभी. मुलीला म्हणाली, "एवढ्यात दमतेस आणि नैनितालला निघालीस? काही नको जायला."

बोलायला मी हवं होतं. आधी हेल्मेट काढू, मग बोलू, असं मी स्वतःला सांगितलं, तेवढीच सबब. हनुवटीखालचा पट्टा चाचपला, पण बोटांना काही कळेचना.

"बाबा, रुको." तिने पट्टा सोडवला, हेल्मेट उतरवलं. मग आईकडे पाठ करून, तिला दिसू नये अशी, माझी बोटं चोळत राहिली. पण बायकोला दिसलं.

"अहो, नक्की दमलं कोण?"



"मैं ही थक गई थी, आई," मुलगी म्हणाली.

बायकोने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे. "तू जा नैनितालला," ती तिला म्हणाली. मला काहीच म्हणाली नाही.