साडूभाऊंची सायकलपारख

सायकलीतलं आमच्या अकोल्याच्या साडूभाऊंना जितकं कळतं तितकं उभ्या वऱ्हाडात कुणाला कळत नाही, आणि त्यांच्याइतकी कमी सायकल चालवलेला माणूसही उभ्या वऱ्हाडात सापडणार नाही. हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. या माणसानं माझ्या आयुष्यातली तीन वर्षं खाल्ली आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

साडूभाऊंची हयात गेली अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात. शेतकरी भरलेली गाडी घेऊन फाटकात उभा राहिला की हे गाडीत कोपरापर्यंत हात घालत, आतला मूठभर कापूस ओढून काढत, दोन अंगठ्यांमध्ये धरून धागा ताणत आणि समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता म्हणत, "वलावा हाय." म्हणजे माल ओला, भाव पडला. वरचा माल दाखवायचा असतो आणि खरा माल आत असतो, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. ते निवृत्त झाले, पण तो हात काही निवृत्त झाला नाही. बाजारात तो वांग्यांच्या ढिगाच्या तळापर्यंत जातो. रसवंतीवाल्याला ते आधी ऊस मोडून दाखवायला लावतात, मग त्या उसाचा रस न पिता दुसरा ऊस मागतात. लग्न ठरण्याआधी सासरची मंडळी मला पाहायला आली तेव्हा हे सोबत होतेच. "जरा चालून दाखवा," म्हणाले. मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग माझ्यादेखतच त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "माल बरा हाय, पन वलावा हाय." लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्या वाक्याचा अर्थ विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही. आणि सासरच्या गोतावळ्यात यांचा हात लागल्याशिवाय आजही साधा मिक्सर घरात येत नाही.

मला मात्र सायकल हवी होती. परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आणि वर पठारावरच्या दगडगोट्यांच्या वाटांनी मनसोक्त हिंडायचं, एवढंच मागणं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. खुर्चीत बसून बसून कमरेतली एक गादी सरकलेली. डॉक्टर म्हणाले, "चालवा की, पण धक्के नकोत. दोन-तीन वर्षं आहेत हातात, मजेत चालवून घ्या. पुढचं मी सांगत नाही." म्हणजे पुढंमागं दोन्हीकडे सस्पेन्शन असलेलीच सायकल पाहिजे. बायकोनं साठ हजार मंजूर केले आणि वर अट घातली की भाऊजींना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. त्याच दुपारी मी एकटा दुकानात का गेलो नाही, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही.

साडूभाऊंनी दोनशे पानी वही घातली. महिनाभरात मोबाईलवर जगातल्या सगळ्या सायकली पाहून टाकल्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. वीस हजारांच्या आतल्या सायकलीला मागं जी स्प्रिंग असते ती नुसती शोभेची. पायडल मारलं की निम्मा जोर तीच खाते, आणि वजन एवढं की घाटात आपण सायकलवर बसायचं की सायकलीनं आपल्यावर हा प्रश्न पडावा. चांगल्या नव्याचा भाव दीड लाखाच्या पुढं. "साठात दोनच रस्ते हाय," साडूभाऊ म्हणाले. "एक तं नुसत्या पुढच्या सस्पेन्शनची नवी घ्या, नाई तं दोन्हीकडची जुनी. जुनीत खोट असते, पन मी कायाले हाओ?" नुसती पुढची घेऊन माझ्या कमरेला काही फायदा नव्हता. जुनी शोधायचं ठरलं.

सायकल तपासायची त्यांची रीत त्यांनी स्वतः शोधून काढली होती. घरून कडीचा स्टीलचा डबा आणायचा, त्यात काठोकाठ ताक भरायचं, झाकण घरीच ठेवायचं आणि तो डबा सुतळीनं सीटच्या मागं बांधायचा. मग मी सायकलवर बसून गतिरोधकावरून जायचं आणि यांनी मागून कान देऊन चालायचं. किती ताक उरलं त्यावरून मागच्या सस्पेन्शनची प्रत. स्वतः ते कधी सीटवर बसले नाहीत. "कापूस तपासणाऱ्यानं कापूस नेसाचा नसते," असं त्यांनी मला ऐकवलं होतं. अमरावतीच्या दोन दुकानांत आमच्या ताकामुळे फरशी पुसावी लागली, आणि तिसऱ्या दुकानातल्या माणसानं आम्हाला लांबून पाहूनच "स्टॉक नाही" म्हणून सांगितलं. माझ्या पँटींना त्या वर्षी कायम आंबूस वास येई.

पहिल्या वर्षाच्या शेवटी अकोल्यात एक सायकल मिळाली. तिचे मालक प्राध्यापक होते, बदली होऊन चालले होते आणि सायकल त्यांनी लेकरासारखी ठेवली होती. डबा बांधून मी बसलो मात्र, आणि मला कळलं की हीच. फाटकाबाहेरच्या गतिरोधकावरून गेलो तर कमरेला नुसती चाहूल लागली. भाव अठ्ठावन्न हजार. मी खिशात हात घातला आणि मागून आवाज आला, "थांबा. कट् वाजलं." प्राध्यापक म्हणाले, काही वाजत नाही. पुन्हा फेरी मारली. खरंच, गतिरोधक आला की मागं बारीक कट् असं वाजत होतं. मलाही ऐकू आलं. साडूभाऊंनी मागचा सांधा चाचपला, मान तिरपी केली आणि म्हणाले, "आतून गेली हाय. दिसत नाई, पन गेली हाय." प्राध्यापकांचा चेहरा पडला. मी साडूभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, वाजू द्या, मला घ्यायची आहे. "घाई कावून करून राहिले? येत्या इतवारी याचं, पाच हजारानं खाली येते." बुधवारीच ती सायकल यवतमाळचा एक डॉक्टर घेऊन गेला.

दुसरं वर्ष शोधण्यात गेलं. मिळायची ती कुणाच्या तरी पोराच्या उंचीची, किंवा मागच्या सस्पेन्शनमधून तेल गळणारी. तिसऱ्या वर्षी परतवाड्यात एक पाहिली. तीही गळकीच होती, पण रिवाज म्हणून डबा बांधला, मी बसलो, आणि गतिरोधकावर तेच, अगदी तेच, कट्. ताक पाठीवर उडालं होतं, मी वैतागलेलो होतो. सुतळी तोडली, डबा रस्त्यात ठेवला आणि पुन्हा फेरी मारली. आवाज नाही. पुन्हा मारली. नाही. मग मी डबा उचलून नुसता हलवला. त्याची कडी डब्यावर आपटली, कट्.

साडूभाऊंनी डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः हलवून पाहिला. "मंग त्या परफेसरच्या सायकलले..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो आणि वलगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या बागा मोजत होतो. मी तोंड उघडलं असतं तर जे निघालं असतं ते सासरच्या नात्यात बोलायचं नसतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी मी पाण्याची बादली उचलायला वाकलो तो सरळ झालोच नाही. तीन आठवडे पाठीवर पडून होतो. डॉक्टर म्हणाले, चाला, सावकाश चाला, पण सायकल आता विसरा. मी विचारलं, चांगलं सस्पेन्शन असलं तरी? त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. साडूभाऊ भेटायला आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. त्यांनी आणलेली संत्री टेबलावर होती. एकही खोट नसलेली. मी त्यातलं एकही खाल्लं नाही, आणि पुढं घरात कुणाच्या लग्नात, बारशात मी त्यांच्या पंगतीला बसलो नाही. बायको म्हणे, किती दिवस असं? मी म्हणे, तीन वर्षं तरी.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "इतवारी सकायी परतवाड्याले या. काई इचारू नका." जायचं नाही असं ठरवून मी गेलो. बस स्टँडवर साडूभाऊ एक नवीकोरी सायकल धरून उभे होते. नुसत्या पुढच्या सस्पेन्शनची. पायडलवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"कुणाची?" मी विचारलं.

"माही."

"तपासली?"

"नाई. दुकानात गेलो, ही द्या म्हनलं, घेतली." हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. ज्या माणसानं आयुष्यात भेंडी मोडल्याशिवाय घेतली नाही त्यानं हे सांगायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मला तेव्हा त्यांची दया आली आणि रागही तसाच होता, दोन्ही एकदमच.

सायकल जीपच्या टपावर टाकून आम्ही घाटाच्या पायथ्याशी उतरलो. "डाक्टरनं चालाले तं मना नाई केलं ना? मंग चाला. मी चढवतो," असं म्हणून साडूभाऊ बासष्टाव्या वर्षी सायकलवर बसले. शंभरेक पावलं गेले असतील. पहिल्या वळणाआधीच उतरले आणि सायकल ढकलायला लागले. मी कमरेवर हात ठेवून शेजारून चालत होतो. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडली होती. तिसऱ्या वळणावर ते थांबले, दम खात हँडलवर वाकले आणि रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "त्या अकोल्याच्या सायकलीवर तुमी चढून गेले असते, भाऊ."

"हो," मी म्हटलं. "गेलो असतो."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना माफ केलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. पण इतक्या दिवसांत हे वाक्य बोलणारे ते एकटेच होते.

वळणापुढं रस्ता थोडा सपाट होता. साडूभाऊंनी सायकल माझ्यापुढं आणली. "बसा."

"डॉक्टर नाही म्हणालेत."

"मालूम हाय. पायडल मारू नका. मागून मी धरतो. धक्का नाई लागू देत."

मी बसलो. त्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट पकडली, आणि खडा दिसला की सायकल मागून उचलून धरत, धापा टाकत, मला पुढं नेलं. घाट पुन्हा चढू लागला तिथं मी उतरलो. चिखलदऱ्याच्या घाटात मी सायकल चालवली ती एवढीच, वीसेक पावलं.